येव्नो आझेफ

येव्नो फिशेलेविच आझेफ (इ.स. १८६९, लिस्कोवो, ग्रोद्नो प्रांत, रशियन साम्राज्य – २४ एप्रिल, इ.स. १९१८, बर्लिन) हा रशियातील समाजवादी क्रांतिकारी पक्षाच्या ‘लढाऊ संघटने’चा प्रमुख आणि त्याच वेळी झारच्या गुप्त पोलिसांचा पगारी खबऱ्या होता. इ.स. १८९३ ते १९०८ अशी सुमारे पंधरा वर्षे त्याने पोलिसांची चाकरी केली. त्यांपैकी पाच वर्षे तो रशियातील सर्वांत भयप्रद दहशतवादी संघटनेच्या शिखरस्थानी होता. गृहमंत्री प्लेव्हे आणि ग्रँड ड्यूक सेर्गेई यांच्या हत्या त्याच्या नेतृत्वाखाली झाल्या आणि त्याच काळात त्याने आपले अनेक सहकारी पोलिसांच्या हवाली केले. गुप्त संघटनांची अंतर्गत रचना, त्यांतील नेतृत्वाचे केंद्रीकरण आणि त्यातून निर्माण होणारे धोके यांच्या अभ्यासात आझेफ प्रकरणाचा उल्लेख आजही होतो.

या लेखातील रशियातील घटनांच्या तारखा ग्रेगोरियन दिनदर्शिकेप्रमाणे आहेत. त्या काळी रशियात प्रचलित असलेली ज्युलियन दिनदर्शिका विसाव्या शतकात तेरा दिवस मागे होती.

प्रारंभिक जीवन

आझेफचा जन्म आजच्या बेलारूसमधील लिस्कोवो या लहान गावी एका गरीब ज्यू शिंप्याच्या घरी झाला. सात भावंडांत तो दुसरा. तो लहान असतानाच कुटुंब दक्षिणेकडे दोन नदीवरील रोस्तोव या व्यापारी शहरात स्थलांतरित झाले. ज्यूंना ठरावीक प्रांतांबाहेर राहण्यास मनाई असलेला तो काळ होता. नव्या शहरात जाऊनही कुटुंबाचे दारिद्र्य फिटले नाही. तरीही वडिलांनी मुलाला शिकविले. माध्यमिक शिक्षण पूर्ण झाल्यावर आझेफने शिकवण्या, कारकुनी, स्थानिक वृत्तपत्रासाठी बातमीदारी, फिरती विक्री अशी मिळतील ती कामे केली. याच सुमारास रोस्तोवमधील क्रांतिकारी विचारांच्या तरुणांशी त्याचा संबंध आला. निषिद्ध पत्रके वाटल्याबद्दल अटक होण्याची चिन्हे दिसू लागताच, विकण्यासाठी दिलेल्या लोण्याचे सुमारे ८०० रूबल घेऊन तो इ.स. १८९२ मध्ये जर्मनीस निघून गेला आणि कार्ल्सरूह येथील तंत्रशिक्षण संस्थेत दाखल झाला. पुढे त्याने डार्मश्टाट येथे विद्युत अभियांत्रिकीची पदविका मिळविली.

परदेशात पैसे लवकरच संपले. एप्रिल १८९३ मध्ये त्याने पीटर्सबर्गच्या पोलीस खात्यास पत्र पाठवून कार्ल्सरूहमधील रशियन विद्यार्थ्यांच्या मंडळाची माहिती पुरविण्याची तयारी दर्शविली. खात्याने दरमहा ५० रूबल मंजूर केले. त्याच्यावर कोणी दडपण आणले नव्हते, तुरुंगात डांबून त्याला वळविलेही नव्हते. अनेक खबऱ्यांच्या चरित्रांत आढळणारा छळाचा किंवा भीतीचा प्रसंग त्याच्या चरित्रात नाही. त्याने आपण होऊन, मोबदला ठरवून हा व्यवहार केला.

मंडळात आझेफ फारसे बोलत नसे. स्थूल बांधा, जाड ओठ आणि बारीक आवाज यांमुळे तो प्रथमदर्शनी कोणावर छाप पाडणारा नव्हता. वादविवादांत तो मागे राही. तात्त्विक चर्चेचा त्याला कंटाळा असावा असेच सहकाऱ्यांना वाटे. मात्र प्रत्यक्ष काम निघाले की तो व्यवस्थित, वेळेचा पक्का आणि व्यवहारी ठरत असे. बोलघेवड्या तरुणांच्या मंडळात अशा माणसाचे वजन वाढण्यास वेळ लागला नाही. ल्युबोव मेन्किना या क्रांतिकारी विचारांच्या विद्यार्थिनीशी त्याने विवाह केला. पतीच्या दुसऱ्या व्यवसायाची तिला अखेरपर्यंत कल्पना नव्हती.

मॉस्को आणि पक्षाची स्थापना

इ.स. १८९९ मध्ये आझेफ मॉस्कोला परतला. तेथील ओख्रानाचा (राजकीय गुप्त पोलीस विभागाचा) प्रमुख सेर्गेई झुबातोव याने त्याला हाताशी धरले. झुबातोवची कार्यपद्धती जुन्या पोलिसांपेक्षा निराळी होती. खबऱ्याने केवळ नावे कळवून मोकळे होऊ नये, तर संघटनेत टिकून राहावे, वर चढावे, आणि त्याच्यावर संशय येईल अशी अटक पोलिसांनी करू नये, असा त्याचा आग्रह असे. आझेफला ही पद्धत मानवली. आंद्रेई आर्गुनोव याच्या ‘उत्तर संघा’त त्याने प्रवेश मिळविला. सैबेरियातील तोम्स्क येथे संघाचा गुप्त छापखाना होता, इ.स. १९०१ मध्ये तो पोलिसांच्या हाती लागला आणि अटकसत्र सुरू झाले. आपणही पकडले जाणार हे ओळखून आर्गुनोवने संघाचे सर्व संपर्क, पत्ते व सांकेतिक खुणा विश्वासाने आझेफच्या स्वाधीन केल्या. छापखान्याचा ठावठिकाणा पोलिसांना मिळण्यास आझेफच कारणीभूत होता, हे त्याला तेव्हा ठाऊक नव्हते.

ही शिदोरी घेऊन आझेफ परदेशी गेला. दक्षिण रशियातील गटांचा प्रतिनिधी ग्रिगोरी गेर्शुनी यालाही तसेच अधिकार मिळाले होते. या वाटाघाटींतून विखुरलेले गट एकत्र येऊन समाजवादी क्रांतिकारी पक्ष आकारास आला आणि आझेफ पक्षाच्या संस्थापकांपैकी एक ठरला. व्हिक्तोर चेर्नोव हा पक्षाचा प्रमुख विचारवंत, मिखाईल गोत्स हा परदेशातील आधारस्तंभ, तर गेर्शुनी हा संघटक होता.

गेर्शुनीने उभारलेल्या लढाऊ संघटनेचे पहिले मोठे कृत्य १५ एप्रिल १९०२ रोजी घडले. स्तेपान बाल्माशेव या तरुणाने लष्करी अधिकाऱ्याच्या वेषात जाऊन गृहमंत्री सिप्यागिन यांची गोळ्या झाडून हत्या केली. पुढील वर्षी उफा प्रांताचे गव्हर्नर बोग्दानोविच मारले गेले. गेर्शुनीची संघटना बरीचशी त्याच्या व्यक्तिमत्त्वावर चालत असे. तो गावोगाव फिरे, तरुणांना भेटे, निवड करी आणि काम सोपवी. ठरावीक सभासद, ठरावीक नियम असे फारसे नव्हते. मे १९०३ मध्ये कीव येथे त्याला अटक झाली आणि आधी ठरल्याप्रमाणे संघटनेची सूत्रे आझेफकडे आली.

लढाऊ संघटनेची रचना

रशियातील गुप्त संघटनांना तोपर्यंत तीन दशकांची परंपरा होती. इ.स. १८६९ मध्ये सेर्गेई नेचायेवने पाच-पाच जणांच्या, एकमेकांना अनोळखी अशा गटांची कल्पना मांडली होती. इ.स. १८७९ मध्ये स्थापन झालेल्या ‘नारोद्नाया वोल्या’ या संघटनेने एका मध्यवर्ती कार्यकारी समितीच्या हाती सारी सत्ता दिली आणि मार्च १८८१ मध्ये झार दुसरा अलेक्झांडर याची हत्या केली. दोनच वर्षांत सेर्गेई देगायेव हा तिचा एक नेता पोलिसांना फितूर झाला आणि उरलीसुरली संघटना कोसळली. हा इतिहास समाजवादी क्रांतिकारी पक्षातील प्रत्येकास पाठ होता.

या पक्षाने दहशतवादी कार्य पक्षाच्या उघड वा निमगुप्त कामापासून वेगळे केले. प्रचार, शेतकऱ्यांतील संघटन, छापखाने, वृत्तपत्रे ही कामे स्थानिक समित्यांकडे होती. त्यांच्यात माणसांची सतत ये-जा असे आणि म्हणून पोलिसांचा शिरकावही सोपा होता. लढाऊ संघटनेच्या सभासदांनी या समित्यांशी कोणताही संबंध ठेवू नये असा दंडक होता. कोणाविरुद्ध कृती करावयाची आणि कृती केव्हा थांबवायची हे ठरविण्याचा अधिकार मध्यवर्ती समितीचा. पण कृती कशी, कोणाकडून व कोठे करावयाची हे सर्वस्वी संघटनेचे काम. ऑगस्ट १९०४ मध्ये संघटनेसाठी लेखी नियमावली तयार झाली. तीनुसार संघटनेला तांत्रिक व संघटनात्मक बाबतींत पूर्ण स्वायत्तता मिळाली, तिचा खजिना स्वतंत्र झाला आणि कारभार एका लहान समितीकडे आला. त्या समितीत आझेफ, बोरिस साविन्कोव आणि माक्सिमिलियान श्वायत्सर होते. समितीचा कार्यवाह सभासद आझेफ आणि त्याचा उजवा हात साविन्कोव. नियमावलीत विचारविनिमयाची तरतूद होती, परंतु प्रत्यक्षात सर्व महत्त्वाचे निर्णय आझेफच घेई.

त्याच्या काळात कामाची विभागणी पक्की झाली. लक्ष्य ठरलेल्या व्यक्तीच्या हालचालींवर महिनोन्‌महिने नजर ठेवणारे सभासद घोडागाडीवाले, सिगारेट विक्रेते किंवा फेरीवाले बनून रस्त्यावर राहत. स्फोटके तयार करणाऱ्यांचा गट त्यांच्यापासून अलग असे. निरीक्षकांना त्यांचा पत्ता माहीत नसे. प्रत्यक्ष बॉम्ब फेकणाऱ्यांची निवड अखेरीस होई. तिन्ही गट एकमेकांशी जोडले जात ते केवळ नेत्याच्या द्वारे. पीटर्सबर्गमधील एका सदनिकेत साविन्कोव श्रीमंत इंग्रज गृहस्थ म्हणून, दोरा ब्रिल्यांत त्याची पत्नी म्हणून, येगोर साझोनोव नोकर म्हणून आणि नारोद्नाया वोल्याच्या काळापासून क्रांतिकार्यात असलेली प्रास्कोव्या इवानोव्स्काया स्वयंपाकीण म्हणून राहत होती. शेजाऱ्यापाजाऱ्यांना शंका येऊ नये म्हणून ही मंडळी घरातही आपापल्या भूमिका सांभाळीत.

संघटनेत मोजकीच माणसे असत आणि प्रवेश कठीण असे. इच्छुकाची मुलाखत बहुधा आझेफ स्वतः घेई आणि पुष्कळांना परत पाठवी. यामुळे त्याच्याविषयीचा आदर वाढतच गेला. विद्यार्थी, कवी, धर्मनिष्ठ तरुण, जीवावर उदार झालेल्या स्त्रिया अशा भावनाप्रधान माणसांच्या या समूहात तो एकटा थंड डोक्याने हिशेब करणारा वाटे. इतरांनी मरणाची तयारी ठेवावी आणि त्याने नियोजन करावे, ही वाटणी कोणालाच खटकली नाही. उलट, इतका महत्त्वाचा माणूस धोक्यात पडता कामा नये म्हणून सहकारीच त्याला प्रत्यक्ष कृतीपासून दूर ठेवीत. हेर बाहेरून येईल असे गृहीत धरून या रचनेत तळाच्या माणसांना एकमेकांपासून तोडले होते. नेता मात्र सर्वांना ओळखत होता आणि त्याच्या कामावर देखरेख करील असे कोणी नव्हते. खजिन्याचा हिशेबही त्याला कोणी मागत नसे.

प्लेव्हे आणि ग्रँड ड्यूक सेर्गेई यांच्या हत्या

सिप्यागिन यांच्यानंतर गृहमंत्री झालेले व्याचेस्लाव प्लेव्हे हे पोलीस खात्याचे सर्वोच्च अधिकारी, म्हणजे एका अर्थी आझेफचे धनी होते. एप्रिल १९०३ मध्ये किशिनेव येथे ज्यूंची भीषण कत्तल झाली आणि त्याबद्दल लोक प्लेव्हे यांना जबाबदार धरीत. आझेफही या घटनेने संतप्त झाला होता असे त्याच्या सहकाऱ्यांनी आणि पोलीस अधिकाऱ्यांनीही नमूद केले आहे. प्लेव्हे यांच्या हत्येस त्याने जे साहाय्य केले, त्यामागे हा संताप होता की पक्षातील आपले डळमळीत स्थान सावरण्याची गरज, याविषयी चरित्रकारांत मतभेद आहेत. दोन्ही कारणे एकाच वेळी खरी असण्यास अडचण नाही.

पहिला प्रयत्न मार्च १९०४ मध्ये फसला. त्यानंतर काही दिवसांनी अलेक्सेई पोकोतिलोव हा सभासद बॉम्ब तयार करताना हॉटेलातील खोलीत स्फोट होऊन मरण पावला. सहकारी निराश झाले. आझेफने त्यांना खडसावले व नव्याने कामास लावले. २८ जुलै १९०४ रोजी पीटर्सबर्गमध्ये साझोनोवने फेकलेल्या बॉम्बने प्लेव्हे जागीच ठार झाले. साझोनोव स्वतः गंभीर जखमी अवस्थेत पकडला गेला. आझेफ त्या दिवशी वॉर्सात बातमीची वाट पाहत होता. पॅरिसमधील ओख्रानाचा प्रमुख लेओनिद रातायेव हा त्या काळात त्याचा वरिष्ठ होता. आझेफने त्याला अर्धवट आणि दिशाभूल करणारी माहिती पुरविली होती. हत्येनंतर पोलीस खात्याने आपल्या इतक्या मौल्यवान हेराची कसून झडती घेतली नाही.

प्लेव्हे यांच्या मृत्यूने पक्षाची प्रतिष्ठा व वर्गण्या एकदम वाढल्या. संघटनेचे तीन विभाग पाडण्यात आले: पीटर्सबर्ग श्वायत्सरकडे, मॉस्को साविन्कोवकडे आणि कीव बोरिशान्स्कीकडे. मॉस्को विभागाने झारचे काका ग्रँड ड्यूक सेर्गेई यांच्यावर पाळत ठेवली. इवान काल्यायेव हा कवी वृत्तीचा तरुण १५ फेब्रुवारी १९०५ च्या रात्री बॉम्ब घेऊन त्यांच्या बग्गीसमोर गेला; आत ग्रँड डचेस आणि दोन लहान मुले दिसताच त्याने हात आवरला. दोन दिवसांनी, १७ फेब्रुवारीस, क्रेमलिनच्या आवारात ग्रँड ड्यूक एकटे असताना त्याने त्यांना ठार केले. काल्यायेवला मे महिन्यात फाशी झाली. मार्च १९०५ मध्ये श्वायत्सर पीटर्सबर्गच्या हॉटेलात स्फोटात मरण पावला आणि पाठोपाठ झालेल्या धरपकडीत त्याचा विभाग संपुष्टात आला.

रशियन क्रांतिकारकांच्या या पद्धतीकडे हिंदुस्थानातील तरुणांचेही लक्ष होते. इ.स. १९०७ च्या सुमारास पांडुरंग महादेव (सेनापती) बापट आणि बंगालचे हेमचंद्र कानूनगो यांनी पॅरिसमधील एका रशियन निर्वासित क्रांतिकारकाकडून बॉम्बविद्येची माहिती मिळविली व ती पुस्तिकेच्या रूपाने हिंदुस्थानात आली.

संशय

सप्टेंबर १९०५ मध्ये पीटर्सबर्गमधील पक्षाच्या एका कार्यकर्त्यास निनावी पत्र मिळाले. पक्षात दोन हेर असून एक तातारोव व दुसरा आझेफ नावाचा अभियंता आहे, असे त्यात कळविले होते. पत्र लिहिणारा मेन्श्चिकोव हा पोलीस खात्यातीलच अधिकारी असल्याचे पुढे उघड झाले. ज्याला पत्र मिळाले त्याच्या घरी त्याच दिवशी आझेफ आला आणि त्याने ते पत्र भाबडेपणाने त्यालाच वाचावयास दिले. आझेफ क्षणभर गडबडला, पण लगेच सावरला. पत्रात उल्लेखिलेला अभियंता आपणच, असे त्याने स्वतः सांगून टाकले आणि पत्र घेऊन तो पक्षाच्या नेत्यांकडे गेला.

नेत्यांनी तातारोवची चौकशी केली. त्याच्या पैशांचा हिशेब जुळेना. तातारोवने आरोप नाकारला आणि आपल्या पोलिसांतील ओळखीच्या आधारे खरा हेर आझेफ असल्याचे सांगितले. हे खरे होते, परंतु ते एका उघड्या पडत चाललेल्या फितुराच्या तोंडून आले होते. कोणीही विश्वास ठेवला नाही. आझेफवरील आरोप हा पोलिसांनी पक्षाचे डोके उडविण्यासाठी रचलेला डाव मानला गेला. एप्रिल १९०६ मध्ये तातारोवला वॉर्सातील आईवडिलांच्या घरी ठार करण्यात आले. आई मध्ये पडली आणि जखमी झाली. त्याच महिन्यात फादर गापोन यालाही पोलिसांशी संधान बांधल्यावरून पक्षाच्या माणसांनी संपविले. हेर म्हणून तातारोवचा जीव गेला आणि त्याच पत्रात नाव असलेला आझेफ संघटनेच्या प्रमुखपदी राहिला.

गेरासिमोवचे धोरण

ऑक्टोबर १९०५ च्या जाहीरनाम्यानंतर पक्षाने लढाऊ संघटनेचे काम थांबविले आणि जानेवारी १९०६ मधील पहिल्या महाधिवेशनात ते पुन्हा सुरू केले. मे १९०६ मध्ये मॉस्कोचे गव्हर्नर-जनरल दुबासोव यांच्यावर बॉम्ब फेकला गेला, ते वाचले. याच सुमारास पीटर्सबर्ग ओख्रानाचा प्रमुख अलेक्सांद्र गेरासिमोव याच्या माणसांनी रस्त्यावर पाळत ठेवणाऱ्या एका संशयितास पकडले. पकडलेल्या इसमाने आपण खात्याचेच असल्याचे सांगितले, तेव्हा गेरासिमोवला प्रथम खरे वाटले नाही. आझेफचे जुने वरिष्ठ त्याच्याशी संपर्कच ठेवीनासे झाले होते आणि त्याचा पगारही थकला होता.

गेरासिमोवने थकबाकी दिली आणि पुढे पगार दरमहा १,००० रूबलपर्यंत वाढविला. त्याचे धोरण झुबातोवच्याही पुढचे होते. लढाऊ संघटना मोडली तर अनेक नव्या, अनोळखी टोळ्या उगवतील. त्यापेक्षा ती जिवंत ठेवून तिचा प्रमुख आपल्या मुठीत ठेवावा, तिने योजना आखाव्यात, पैसा व माणसे खर्च करावीत आणि प्रत्येक योजना शेवटच्या टप्प्यावर फसावी, असे त्याने ठरविले. अटका फारशा करायच्या नाहीत. निरीक्षकांना आपल्यावर पाळत असल्याचे मुद्दाम कळू द्यायचे, म्हणजे ते आपण होऊन काम सोडतील. पंतप्रधान स्तोलिपिन यांच्या संमतीने हे चालले होते. त्यांच्यावरील कट इ.स. १९०६ मध्ये महिनोन्‌महिने असाच घोटाळत राहिला. मात्र ऑगस्टमध्ये पक्षातून फुटून निघालेल्या ‘माक्सिमलिस्ट’ गटाने स्तोलिपिन यांचे निवासस्थान स्फोटाने उद्ध्वस्त केले. कित्येक माणसे मेली, स्तोलिपिन वाचले. आझेफच्या हाताबाहेरील गटांपुढे हे धोरण निरुपयोगी होते, हे तेव्हाच दिसून आले होते.

इ.स. १९०६ च्या अखेरीस आझेफ व साविन्कोव यांनी जुनी पद्धत पोलिसांना माहीत झाली असल्याचे कारण देऊन राजीनामे दिले. साविन्कोवचा यावर प्रामाणिक विश्वास होता. काम झिल्बरबेर्ग याच्या लहान गटाने पुढे नेले आणि जानेवारी १९०७ मध्ये पीटर्सबर्गचे नगरप्रमुख फॉन देर लाउनित्स यांची हत्या केली. थोड्याच आठवड्यांत झिल्बरबेर्ग पकडला गेला व फाशी गेला. कार्ल त्राउबेर्गच्या उत्तर भागातील ‘उडत्या पथका’चीही तीच गत झाली, इ.स. १९०८ मध्ये सात जणांना एकदम फाशी देण्यात आले. त्यांना पकडून देण्यात आझेफच्या माहितीचा वाटा होता.

तुरुंगातून कोबीच्या पिंपात लपून निसटलेला गेर्शुनी इ.स. १९०७ मध्ये पक्षात परतला होता. आपल्या उत्तराधिकाऱ्यावर त्याचा अढळ विश्वास होता. मार्च १९०८ मध्ये झुरिक येथे तो मरण पावला, तेव्हाही आझेफ निष्कलंक असल्याचीच त्याची खात्री होती. त्याच वर्षी ब्रिटनमध्ये बांधल्या गेलेल्या ‘रुरिक’ या युद्धनौकेवरील खलाशांकरवी झार दुसरा निकोलस याची हत्या करण्याची योजना आझेफने आखली. ती गेरासिमोवपासूनही लपविली होती असे मानले जाते. झार नौकेच्या पाहणीस आला, पण खलाशाच्या हातून गोळी सुटली नाही.

बुर्त्सेव आणि न्यायमंडळ

आझेफला उघडे पाडण्याचे श्रेय व्लादिमीर बुर्त्सेव या इतिहासकार-पत्रकाराकडे जाते. तो क्रांतिकारी चळवळीच्या इतिहासाला वाहिलेल्या ‘बिलोये’ या नियतकालिकाचा संपादक होता. वॉर्सा ओख्रानातून फुटलेल्या मिखाईल बाकाय याच्याकडून पक्षाच्या केंद्रस्थानी ‘रास्किन’ या सांकेतिक नावाचा हेर असल्याचे त्याला समजले. नोंदी ताडून पाहता हा हेर आझेफच, असे त्याचे मत झाले. सप्टेंबर १९०८ मध्ये पोलीस खात्याचे माजी संचालक अलेक्सेई लोपुखिन यांना त्याने कोलोनहून बर्लिनकडे जाणाऱ्या आगगाडीत गाठले. काही तास बुर्त्सेव आपली माहिती एकामागून एक मांडत राहिला. रास्किनने प्लेव्हे यांच्या हत्येची योजना आखली होती, हे ऐकून लोपुखिन हादरले आणि रास्किन म्हणजे अभियंता येव्नो आझेफ, अशी त्यांनी कबुली दिली.

पक्षाने मात्र बुर्त्सेवलाच आरोपी केले. ऑक्टोबर १९०८ मध्ये पॅरिस येथे भरलेल्या न्यायमंडळात प्योत्र क्रोपोत्किन, गेर्मान लोपातिन व व्हेरा फिग्नेर असे तीन वयोवृद्ध, सर्वमान्य क्रांतिकारक बसले. आझेफच्या वतीने चेर्नोव व साविन्कोव यांनी हिरिरीने बाजू मांडली. ज्याने प्लेव्हे व ग्रँड ड्यूक यांना मारले तो पोलिसांचा माणूस कसा असेल, हा त्यांचा मुख्य युक्तिवाद होता. फिग्नेर बुर्त्सेववर कमालीच्या संतापल्या होत्या. इ.स. १८८३ मध्ये त्या स्वतः देगायेवच्या फितुरीने पकडल्या गेल्या होत्या आणि त्यानंतर वीस वर्षे श्ल्युसेलबुर्गच्या किल्ल्यात त्यांनी काढली होती. तरीही आझेफविषयी संशय घेणे त्यांना अशक्य झाले. बुर्त्सेवने अखेरीस लोपुखिन यांचे नाव सांगितले, तेव्हा सभागृहाचा नूर बदलला.

यानंतरची चूक आझेफची होती. नोव्हेंबरमध्ये तो स्वतः पीटर्सबर्गला लोपुखिन यांच्या घरी गेला आणि जीवदानाची याचना करू लागला. पाठोपाठ गेरासिमोवनेही जाऊन दबाव आणला. लोपुखिन यांनी हे सारे आर्गुनोवला आणि नंतर लंडनमध्ये पक्षाच्या प्रतिनिधींना सांगितले. त्या दिवसांत आपण बर्लिनमध्ये होतो, असा आझेफचा बचाव चौकशीत टिकला नाही. ५ जानेवारी १९०९ रोजी चेर्नोव, साविन्कोव आणि आणखी एक सहकारी त्याच्या पॅरिसमधील घरी गेले. कबुली दिल्यास जीव वाचेल असे त्याला सुचविण्यात आले. त्याने काहीच मान्य केले नाही. त्यांनी त्याला मुदत दिली आणि ते निघून गेले. त्याच रात्री आझेफ पत्नीचा निरोप घेऊन पळाला.

परिणाम

या प्रकरणाचे पडसाद रशियाबाहेरही उमटले. लोपुखिन यांना अटक होऊन शिक्षा झाली आणि त्यांची सैबेरियात रवानगी झाली; इ.स. १९१२ मध्ये त्यांना माफी मिळाली. दूमात विरोधकांनी प्रश्न विचारले असता स्तोलिपिन यांनी आझेफ हा केवळ माहिती देणारा होता, चिथावणी देणारा नव्हता, असा बचाव केला. दोन वर्षांनी, सप्टेंबर १९११ मध्ये, कीवच्या नाट्यगृहात दिमित्री बोग्रोव याने स्तोलिपिन यांच्यावर गोळ्या झाडल्या. बोग्रोवही ओख्रानाचा खबऱ्या होता आणि नाट्यगृहाचा प्रवेशपासही त्याला पोलिसांनीच दिला होता.

पक्षाच्या मध्यवर्ती समितीने राजीनामा दिला. लढाऊ संघटना विसर्जित झाली. साविन्कोवने ती नव्याने उभारण्याचा प्रयत्न केला, पण तिच्यातही हेर आढळले आणि इ.स. १९११ मध्ये ती बंद पडली. साझोनोवला ही बातमी सैबेरियातील कारागृहात कळली; इ.स. १९१० च्या अखेरीस कैद्यांवरील फटक्यांच्या शिक्षेच्या निषेधार्थ त्याने विष घेऊन प्राण सोडला. पक्षाने नेमलेल्या चौकशी समितीचा निष्कर्ष इ.स. १९११ मध्ये प्रसिद्ध झाला. लढाऊ संघटना पक्षापासून अलग पडल्याने तिच्या प्रमुखावर कोणाचेच नियंत्रण राहिले नाही, असा ठपका समितीने ठेवला. संघटनेतील वाचलेल्या सभासदांना हा निष्कर्ष मान्य झाला नाही. त्यांच्या मते दोष गुप्ततेचा नव्हता, एका माणसाचा होता.

उत्तरायुष्य

पलायनानंतर आझेफ हेडविग क्लोप्फर या जर्मन गायिकेबरोबर युरोपात हिंडला आणि आलेक्सांडर नॉयमायर या नावाने बर्लिनमध्ये स्थायिक झाला. तेथे त्याने शेअर बाजारात पैसे गुंतविले आणि सुखवस्तू व्यापाऱ्याचे जीवन काढले. ल्युबोव मेन्किना त्याच्यापासून विभक्त झाली व पुढे अमेरिकेस गेली. इ.स. १९१२ मध्ये आझेफ फ्रांकफुर्ट येथे बुर्त्सेवला भेटला आणि आपण क्रांतीचे हितच अधिक केले, असे पटविण्याचा त्याने प्रयत्न केला. आपला निवाडा पक्षाने करावा असेही त्याने सुचविले. तसा निवाडा झाला नाही.

इ.स. १९१४ मध्ये महायुद्ध सुरू होताच त्याचे रशियन रोखे कवडीमोल झाले. हेडविगच्या साहाय्याने त्याने स्त्रियांच्या कंचुक्या शिवण्याचे दुकान काढले. शिंप्याचा मुलगा फिरून त्याच धंद्याच्या जवळपास आला. जून १९१५ मध्ये जर्मन पोलिसांनी त्याला धोकादायक रशियन क्रांतिकारक म्हणून अटक केली. आपण क्रांतिकारक नसून रशियन सरकारचे नोकर होतो, हे तो पटवून देऊ शकला नाही. मोआबित तुरुंगात अडीच वर्षे काढून डिसेंबर १९१७ मध्ये तो सुटला, तेव्हा त्याची प्रकृती पार ढासळली होती. २४ एप्रिल १९१८ रोजी मूत्रपिंडाच्या विकाराने बर्लिनमध्ये त्याचा मृत्यू झाला. विल्मर्सडोर्फच्या दफनभूमीत त्याला पुरण्यात आले. थडग्यावर नाव घातले गेले नाही, केवळ क्रमांक होता.

चरित्रे आणि साहित्य

फेब्रुवारी १९१७ च्या क्रांतीनंतर पोलीस खात्याची दप्तरे खुली झाली आणि आझेफने पाठविलेली पत्रे व अहवाल अभ्यासकांना उपलब्ध झाले. त्यांच्या आधारे बोरिस निकोलायेव्स्की यांनी लिहिलेले चरित्र आजही प्रमाण मानले जाते. साविन्कोवच्या आठवणींत संघटनेच्या दैनंदिन कामाचे सविस्तर वर्णन आहे. मात्र आझेफविषयीचा भाग वाचताना साविन्कोव त्याचा निकटचा मित्र आणि वकील होता हे ध्यानात ठेवावे लागते. गेरासिमोवनेही परदेशात आठवणी लिहिल्या व आपले धोरण यशस्वी ठरल्याचा दावा केला. लेओनिद आंद्रेयेव यांची सात फाशी गेलेल्यांवरील प्रसिद्ध कथा त्राउबेर्गच्या पथकावरून सुचलेली आहे. जोसेफ कॉनरॅड यांच्या ‘अंडर वेस्टर्न आइज’ या इ.स. १९११ च्या कादंबरीतील निकिता हे पात्र आझेफवर बेतलेले मानले जाते. रोमान गुल यांनीही त्याच्या जीवनावर कादंबरी लिहिली आहे.